एक दशांश वॅटचं संगीत

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर साउंड सिस्टिम घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचं घेऊ? नवं शोरूम उघडायचंय, जागा मोठी आहे, बाहेर रस्त्याचा गोंगाट आहे, कमी पडायला नको. पाचशे वॅट? की हजारच घेऊन टाकू? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं खरं उत्तर मात्र इतकं लहान आहे की ऐकणाऱ्याचा त्यावर चटकन विश्वास बसत नाही.

हिशेब करून पाहू. लक्ष्मी रस्त्यावर एक साडीचं दालन आहे असं धरा. पन्नास फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, छत बारा फुटांवर. मीटरमध्ये १५, १० आणि ३.६. छतात बसवायच्या साध्या सहा इंची स्पीकरच्या माहितीपत्रकात एक ओळ असते: संवेदनशीलता ९० डेसिबल, १ वॅट, १ मीटर. म्हणजे या स्पीकरला एक वॅट वीज दिली तर एक मीटरवर ९० डेसिबल आवाज मिळतो. हा आवाज काही थोडाथोडका नाही. शेजारून जड ट्रक गेल्यासारखा असतो. उभ्या गिऱ्हाइकाचा कान जमिनीपासून दीड मीटरवर धरला तर स्पीकर आणि कान यांच्यात २.१ मीटर अंतर उरतं. तेवढ्या प्रवासात आवाज साडेसहा डेसिबलने उतरतो आणि साधारण ८३.५ डेसिबल उरतात. आता साडी दाखवणारा आणि बघणारी यांना आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे आणि मागे काहीतरी छान वाजतंय हे जाणवलंही पाहिजे. ही पातळी येते ६२ डेसिबलच्या आसपास. म्हणजे एका वॅटला जे मिळतं त्यापेक्षा जवळजवळ २२ डेसिबल खाली उतरायचं. डेसिबलची मोजणी अशी आहे की दर १० डेसिबलला शक्ती दहापट घटते. २० डेसिबल खाली म्हणजे शंभरावा भाग, २२ खाली म्हणजे त्याहूनही कमी. उत्तर येतं एका वॅटचे सात हजारांश. सात मिलिवॅट.

दालनात असे बारा स्पीकर लावले, तर बारा साते चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी मिलिवॅट! एका वॅटचा दहावा भागही नाही.

आणि ही झाली स्पीकरला दिलेली वीज. अशा स्पीकरला दिलेल्या विजेपैकी ध्वनी होऊन हवेत उतरते ती जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या थोडी वर. बाकीची सगळी आतली तांब्याची कॉइल तापवण्यात जाते. म्हणजे दीडशे चौरस मीटरचं अख्खं दालन ज्या संगीताने भरून जातं, त्यात प्रत्यक्ष ध्वनिऊर्जा असते सुमारे अर्धा मिलिवॅट. एवढ्याशा शक्तीवर बासरीची फुंकसुद्धा ओळखू येते, याचं सगळं श्रेय माणसाच्या कानाला आहे. ऐकू येण्याच्या अगदी सीमेवरच्या आवाजाने कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी हलतो आणि तरी मेंदूला वर्दी पोचते. इतकं नाजूक यंत्र प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःसोबत घेऊन येतं. दालनात कुठलाही स्पीकर लावायच्या आधी आपण हे लक्षात ठेवलं तर पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

अर्थात संगीत सरळ रेषेत चालत नाही. तबल्याची थाप सरासरीपेक्षा पंधरा-वीस डेसिबल उसळी घेते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट. सात मिलिवॅटचे सातशे मिलिवॅट झाले, तरी अजून वॅट पुरा झालेला नाही. मधूनमधून माइकवरून सूचना द्यायची असेल, दसऱ्याच्या गर्दीत आवाज थोडा चढवायचा असेल, म्हणून हात सैल ठेवून प्रत्येक स्पीकरला सहा वॅटची सोय करावी. बारा सख बहात्तर. वर थोडी मोकळीक ठेवली की शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर झाला. या दालनाला याहून जास्त काही लागत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले हजारो वॅट ‘पीएमपीओ’ हे आकडे बघूच नयेत, कारण ते कसे मोजायचे याला सर्वमान्य नियमच नाही. आरएमएस वॅट किती ते विचारावं.

मग एवढं कमी लागत असताना कितीतरी दालनांमध्ये पाऊल टाकताच कलकलाट का अंगावर येतो? स्पीकर महाग असतात, अ‍ॅम्प्लिफायर दणकट असतो, आणि तरी गाण्याचे शब्द कळत नाहीत, विक्रेत्याला ओरडून भाव सांगावा लागतो. दोष स्पीकरचा क्वचितच असतो. तो असतो भिंतींचा, काचांचा, चकचकीत फरशीचा. साउंडचं काम करणारा जाणता माणूस रिकाम्या दालनात शिरल्यावर पिशवीतून मीटर काढायच्याही आधी मधोमध उभा राहून एक टाळी वाजवतो आणि गप्प राहून ऐकतो. टाळी लगेच विरली तर ठीक. ती छताला आणि फरशीला आपटत झणझणत राहिली तर तो मालकाला सांगतो, ‘शेठ, स्पीकरचं नंतर बघू. आधी छताचं बोलू.’

टाळीनंतरच्या त्या घुमण्याचं गणित ज्याने पहिल्यांदा मांडलं त्याची कथा मला विज्ञानातल्या सर्वांत सुंदर कथांपैकी एक वाटते. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली आणि तिच्यातलं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं. वक्त्याने उच्चारलेला शब्द तिथे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्यावर येऊन आदळत आणि श्रोत्यांच्या कानी नुसती गुणगुण पडे. हे दुरुस्त करण्याचं काम भौतिकशास्त्राच्या एका तरुण अध्यापकाकडे आलं. त्याचं नाव वॉलेस सबीन, वय सत्तावीसच्या आसपास. इलेक्ट्रॉनिक मापनयंत्रं तेव्हा नव्हतीच. सबीनकडे होती ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं साधन आणि स्वतःचे कान. नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ टिपायचा. दिवसा रस्त्यावरचे आवाज आड येत, म्हणून तो मध्यरात्रीनंतर काम करी.

मऊ वस्तूंनी घुमणं किती कमी होतं हे पाहायला त्याला गाद्या हव्या होत्या. त्या जवळच्याच सँडर्स थिएटरमध्ये होत्या, आसनांवरच्या. रात्री त्या उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, थोड्या मांडून मोजायचं, आणखी मांडून मोजायचं, आणि सकाळच्या आत सगळ्या परत नेऊन जागच्या जागी ठेवायच्या. अशा कित्येक रात्री गेल्या. हळूहळू आकड्यांमधून नियम वर आला. सबीनने शोषणाचं मापही किती सोपं निवडलं: उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे ती सगळाच्या सगळा आवाज गिळते. बाकी प्रत्येक वस्तू किती चौरस मीटर उघड्या खिडकीच्या बरोबरीची आहे एवढंच ठरवायचं. मग खोलीचं घनफळ घ्या, ०.१६१ ने गुणा आणि उघड्या खिडकीच्या एकूण चौरस मीटरांनी भागा. आवाज किती सेकंद घुमेल ते समोर येतं. याच गणिताच्या आधारे बॉस्टनचा सिम्फनी हॉल आखला गेला. तो १९०० साली खुला झाला आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणला जातो.

तेच गणित लक्ष्मी रस्त्यावरच्या आपल्या दालनाला लावू. घनफळ ५४० घनमीटर. फरशी, छत आणि चारी भिंती मिळून पृष्ठभाग ४८० चौरस मीटर. व्हिट्रिफाइड टाइल, काच, रंगवलेलं गुळगुळीत छत हे सगळे मिळून सरासरी पाच टक्के आवाज शोषतात असं धरलं, तर २४ चौरस मीटर उघडी खिडकी झाली. घुमण्याचा काळ येतो ३.६ सेकंद. एवढा घुमारा आलापीला शोभेल. ‘ताई, हा काठ बघा, खरी जर आहे’ हे वाक्य मात्र त्यात पार विरघळून जातं. आता फक्त छत बदलू. गुळगुळीत पीओपीऐवजी आवाज शोषणाऱ्या खनिजतंतूंच्या टाइल, ज्या मधल्या पट्टीतला सत्तर टक्के आवाज गिळतात. एकट्या छताची १०५ चौरस मीटर उघडी खिडकी झाली. घुमण्याचा काळ उतरतो ०.७ सेकंदावर. एकही स्पीकर न बदलता दालन पाचपट स्वच्छ बोलायला लागतं. हे उत्तर पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रत्येकाला मी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहताना पाहिलंय.

जुन्या पद्धतीच्या साडीच्या दुकानांना हे सगळं न मागता मिळालेलं होतं. पांढऱ्या गाद्या, लोड, भिंतभर उघड्या फळ्यांवर घडी घातलेल्या शेकडो साड्या. कापडाच्या थरांमध्ये शिरलेली हवा धाग्यांमधून पुढेमागे होताना घर्षणाने ऊर्जा गमावते आणि आवाजाची उष्णता होते. म्हणून घडीघडीची भिंत मऊ असते. त्याच साड्यांना काचेची सरकती दारं लावली की तीच भिंत कडक होते, कारण आवाजाला आता कापड भेटतच नाही, काच भेटते. धुळीपासून साड्या वाचतात, पण दालनाचा कान बिघडतो. सराफी दालनांची अडचण याहून मोठी. तिथे काच, आरसे, संगमरवर आणि पॉलिश यांच्याखेरीज फारसं काही नसतं, आणि गिऱ्हाईक तर सर्वांत हळू आवाजात बोलतं, कारण विषय पैशांचा असतो. तिथे गालिचा, गादीदार खुर्च्या आणि शोषक छत हा शोभेचा खर्च धरूच नये. साउंड सिस्टिमच्या बजेटातच तो लिहावा, आणि पहिल्या ओळीत.

जाता जाता छताच्या आकाराबद्दल. विजापूरच्या गोल घुमटात एका बाजूला केलेली कुजबुज पलीकडे सदतीस-अडतीस मीटरवर ऐकू येते हे आपल्यापैकी अनेकांनी तिथे जाऊन अनुभवलंय. वक्र पृष्ठभाग आवाजाला वाट दाखवतो, एकत्र आणतो. सजावटकारांना दालनाच्या मधोमध पीओपीचा उथळ घुमट करायची हौस असते. त्या घुमटाच्या वक्रतेचं केंद्र माणसाच्या डोक्याच्या उंचीला आलं, तर खाली उभ्या माणसाला सगळ्या दालनाचा गलका एकत्र होऊन ऐकू येतो. त्या जागी कॅश काउंटर कधीच ठेवू नये.

छत ठरलं. आता स्पीकर. पुष्कळांची पहिली ओढ दोन मोठ्या बॉक्सकडे असते. दाराच्या दोन्ही बाजूंना लावले की झालं. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबल उतरतो. त्यामुळे मागच्या कोपऱ्यात पुरेसा आवाज पोचवायचा, तर पुढच्या माणसाचे कान फोडावे लागतात. बंद दालनात आणखी एक गोष्ट होते. स्पीकरपासून काही अंतरापलीकडे थेट येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज वरचढ ठरतो. आपल्या ३.६ सेकंद घुमणाऱ्या दालनात ही हद्द बॉक्सपासून दीडेक मीटरवरच लागते. त्यापुढे आवाज कितीही वाढवा, स्पष्टता वाढत नाही, नुसता घुमारा वाढतो. म्हणून पुष्कळ छोटे स्पीकर, प्रत्येक अगदी हळू वाजणारा आणि प्रत्येक कुणाच्या तरी कानाजवळ. दालनाच्या ध्वनिरचनेबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा दिली तर मी हीच सांगेन.

किती लावायचे याचं गणित भूमितीतलं आहे. छतातला स्पीकर खाली आवाजाचा शंकू सोडतो. शंकूचा कोन ९० अंश धरला, तर कानाच्या पातळीवर त्याचा व्यास होतो छत आणि कान यांमधल्या अंतराच्या दुप्पट. उभ्या गिऱ्हाइकासाठी २.१ ची दुप्पट, ४.२ मीटर. १५ बाय १० च्या दालनात अशी वर्तुळं शेजारीशेजारी मांडली की चार गुणिले तीन, बारा लागतात. आता गिऱ्हाईक गादीवर मांडी घालून बसलं आहे असं पाहा. त्याचा कान जमिनीपासून ०.८ मीटरवर आला. छतापासून अंतर २.८, वर्तुळाचा व्यास ५.६. तेच दालन, तेच छत, पण आता सहा स्पीकर पुरतात! गादीवर बसवायचं की काउंटरसमोर उभं करायचं, हा व्यापाऱ्याचा निर्णय स्पीकरची संख्या अर्धी किंवा दुप्पट करतो. फक्त हे ध्यानात ठेवावं की शंकू सगळ्या सुरांना सारखा नसतो. १००० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३४ सेंटिमीटर असते, १०,००० हर्ट्झची ३.४. लहर स्पीकरच्या मानाने जितकी लहान तितका तिचा झोत अरुंद. मंजिरीची किणकिण झोताच्या बाहेर लवकर हरवते, ढोलकीचा घुमा सगळीकडे पसरतो. म्हणून वर्तुळं एकमेकांत थोडी शिरलेली बरी.

बारा जागांहून एकच गाणं ऐकू आलं तर बारा गायक का ऐकू येत नाहीत? याचं उत्तर हेल्मुट हास याने जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे १९४९ साली आपल्या प्रबंधात दिलं. एकच आवाज थोड्या फरकाने दोन ठिकाणांहून आला, तर मेंदू आधी पोचलेल्याचीच दिशा मानतो आणि नंतरचा त्यात मिसळून टाकतो. फरक सुमारे तीस मिलिसेकंदांच्या आत असेल, तर मागून आलेला आवाज काही प्रसंगी दहा डेसिबलपर्यंत मोठा असला तरी वेगळा ऐकू येत नाही. हवेत आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. तीस मिलिसेकंद म्हणजे दहा मीटर. चार मीटरवरचा शेजारचा स्पीकर या खिडकीत आरामात बसतो. पंधरा मीटरवरच्या टोकाच्या स्पीकरचा आवाज ४४ मिलिसेकंद उशिरा येतो, पण तोवर तो इतका क्षीण झालेला असतो की त्रास देत नाही. मेंदू हे सगळं प्रत्येक क्षणी आपल्या नकळत सोडवत असतो आणि आपण मात्र पदरावरचे मोर बघत असतो.

बारा स्पीकर एका अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचे कसे, यात विजेची एक देखणी युक्ती आहे. घरगुती स्पीकर आठ ओहमचा असतो. असे बारा समांतर जोडले तर एकूण रोध पाऊण ओहमच्याही खाली जातो आणि अ‍ॅम्प्लिफायर जळतो. शिवाय तारेचं नुकसान वेगळं. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पन्नास मीटर ओढली तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे १.२ ओहम भरतो. आठ ओहमच्या भाराला ७२ वॅट द्यायचे तर तारेतून तीन अँपियर वाहतात आणि जवळजवळ अकरा वॅट नुसते तारेत तापून जातात. कोयनेची वीज मुंबईकडे नेताना जी अडचण येते तीच ही, आणि तिच्यावरचा उपायही तोच: दाब वाढवा, प्रवाह घटवा. दालनांसाठीचा अ‍ॅम्प्लिफायर आवाजाचा दाब १०० व्होल्टपर्यंत चढवून तारेत सोडतो आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर बसवलेला छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर तो परत उतरवून घेतो. आता त्याच ७२ वॅटला ०.७२ अँपियर पुरतात आणि तारेत जातो अर्ध्या वॅटपेक्षा थोडा जास्त. कुठे अकरा, कुठे अर्धा!

खरी गंमत त्या ट्रान्सफॉर्मरच्या टॅपमध्ये आहे. स्पीकर उलटा करून पाहिला तर कधी फिरवायचं छोटं बटण दिसतं, कधी नुसत्या रंगीत तारा, त्यावर ६, ३, १.५ असे वॅट लिहिलेले. १०० व्होल्टच्या तारेवरचा प्रत्येक स्पीकर स्वतःच्या टॅपप्रमाणे स्वतःचा वाटा उचलतो, शेजाऱ्याच्या वाट्याला धक्का न लावता. सगळ्यांचे वॅट बेरजेत मांडायचे, अ‍ॅम्प्लिफायरच्या क्षमतेखाली ठेवायचे, संपलं. टॅप एक पायरी उतरवला की आवाज तीन डेसिबल खाली येतो. दाराजवळ सहा, मधल्या भागात तीन, कॅश काउंटरवर आणि ट्रायल रूममध्ये दीड. एकाच तारेवर दालनाचा आवाजी नकाशा काढता येतो आणि त्यासाठी लागतो एक स्क्रू-ड्रायव्हर. तळमजला, वरचा मजला आणि लग्नाच्या बस्त्याचं वेगळं दालन असेल तर तेवढे झोन करून प्रत्येकाला आपला आवाज-नियंत्रक द्यावा.

स्पीकर छतात चढवण्याआधीची एक चाचणी प्रत्येक दुकानदाराने स्वतः उभं राहून बघावी. पेन्सिल सेलच्या दोन टोकांना दोन तारा धरतात आणि स्पीकरच्या मूळ टर्मिनलना, ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, क्षणभर टेकवतात. ‘टप्’ असा आवाज होतो आणि कागदी कोन हलतो. प्लसला प्लस असेल तर तो बाहेर उसळतो, उलटं असेल तर आत जातो. बारांतला एक जरी उलटा जोडला गेला, तर शेजारचे सगळे हवा पुढे ढकलत असताना तो मागे ओढतो. दोघांच्या मधल्या जागेत खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि तिथे उभ्या माणसाला गाणं पोकळ वाटतं. दोष कशात आहे ते नंतर कुणालाच सापडत नाही, कारण प्रत्येक स्पीकर एकेकटा अगदी नीट वाजत असतो. दीड व्होल्टच्या सेलने तो दोन सेकंदांत सापडतो.

तारा फॉल्स सीलिंगच्या आधीच पाइपातून ओढून घ्याव्यात, विजेच्या तारांपासून फूटभर लांब. जिथे ओलांडावंच लागेल तिथे काटकोनात. नाहीतर ५० हर्ट्झची घूं कायमची मागे लागते. स्पीकरचा भार जिप्सम बोर्डावर न टाकता साखळीने स्लॅबला टांगावा. आगीची घंटा वाजली की संगीत आपोआप बंद व्हावं अशी जोडणी मागून घ्यावी. माइक स्पीकरच्या शंकूखाली ठेवू नये, नाहीतर शिट्टी ठरलेली. दाराबाहेर कर्णा लावण्याच्या फंदात पडू नये. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार त्याला लेखी परवानगी लागते आणि व्यापारी भागात दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल आहे.

आता वाजवायचं काय, आणि किती? १९११ साली एतियेन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने दाखवून दिलं की भोवतीचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. दालनात याचं चक्र होतं. संगीत थोडं मोठं झालं, विक्रेते आणि गिऱ्हाइकं मोठ्याने बोलू लागली, गलका वाढला, संगीत ऐकू येईना म्हणून मॅनेजरने बटण फिरवलं. तासाभरात सगळेच ओरडत असतात आणि कुणी सुरुवात केली ते कुणालाच ठाऊक नसतं. हे चक्र तोडायचा मार्ग एकच: गलका वाढला की संगीत न वाढवणं.

हळू आवाजाची एक किंमत असते. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मांडलेल्या आलेखांत दिसतं की आवाज जसा कमी होतो तसा खर्ज कानाला इतर सुरांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासा होतो. घरी मोठ्याने ऐकलेल्या रेकॉर्डमधला डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज दालनात ६० डेसिबलला हरवतात ते यामुळे. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर खालचे सूर थोडे उचलावे लागतात. पण थोडेच, कारण ८० हर्ट्झच्या खाली लाइन ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा धापा टाकू लागतो. जमीन हादरवणारा सबवूफर मात्र साडीच्या किंवा सोन्याच्या दालनात आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैठणी उलगडताना रेशमाची जी सळसळ होते ती ऐकू येणं हाही खरेदीचा भाग आहे.

दुकानातल्या संगीताचा माणसावर परिणाम होतो का, हे लोकांनी मोजून पाहिलंय. अमेरिकेत रोनाल्ड मिलिमन यांनी १९८२ साली एका सुपरमार्केटमधला अभ्यास प्रसिद्ध केला. संथ लयीचं संगीत असताना गिऱ्हाइकं हळू चालली आणि द्रुत लयीच्या दिवसांच्या तुलनेत विक्री सुमारे ३८ टक्के जास्त झाली. १९९७ साली ‘नेचर’मध्ये इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटचा प्रयोग आला. फ्रेंच संगीत वाजलं त्या दिवशी फ्रेंच वाइन जास्त खपली, जर्मन वाजलं तेव्हा जर्मन, आणि संगीतामुळे आपण ती निवडली असं बहुतेक गिऱ्हाइकांना वाटलंच नव्हतं. एकेका दुकानातल्या अभ्यासावरून आपल्या गल्ल्याचा अंदाज बांधू नये, पण दिशा कळते. माझी पसंती वाद्यसंगीताला: बासरी, संतूर, सतार, मध्यलय. गाण्यात शब्द असले की मेंदूचा भाषेचा भाग तिकडे धावतो आणि विक्रेत्याचं वाक्य अर्धवट पोचतं. सनई बस्त्याच्या दिवसांत शोभते. एरवी तिचा तीक्ष्ण सूर नेमका ३००० हर्ट्झच्या आसपास टोचतो, जिथे कान सर्वांत हळवा असतो. मधूनमधून शांतताही असावी. अमेरिकेतल्या म्युझाक कंपनीने कारखान्यांना आणि कार्यालयांना संगीत पुरवताना पंधरा मिनिटं संगीत, मग पंधरा मिनिटं शांतता असा क्रम वापरला होता, आणि तो विचारपूर्वक होता.

फोनवरच्या अ‍ॅपचं घरगुती वर्गणीवालं गाणं दालनात लावता येत नाही. ती वर्गणी खासगी ऐकण्यापुरती असते. व्यापारी जागी रेकॉर्ड वाजवायची तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कदारांची परवानगी लागते. गीतकार-संगीतकारांच्या वतीने हे काम आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून करते, आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. ज्या बासरीवर आपलं दालन उभं राहतं तिच्या रचनाकाराला त्याचा वाटा मिळावा, हे मला कायद्याइतकंच आवश्यक वाटतं.

आणि शेवटची जुळवणी रिकाम्या दालनात करू नये. माणूस स्वतःच मोठा शोषक आहे. कपड्यांसह उभा एक माणूस जवळजवळ अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. छताची दुरुस्ती न केलेल्या आपल्या दालनात साठ माणसं शिरली तर २४ चौरस मीटरचे पन्नासच्या वर होतात आणि ३.६ सेकंदांचं घुमणं १.७ वर येतं. दसऱ्याच्या संध्याकाळी आणि मंगळवारी सकाळी ते एकच दालन नसतं. म्हणून साउंडवाल्याशी व्यवहार ठरवताना उद्घाटनानंतरच्या पहिल्या गर्दीच्या शनिवारी त्याने परत यायचं हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावं. त्याने मीटर घेऊन गादीपाशी, काउंटरपाशी, जिन्याखाली फिरावं, दोन-चार टॅप खालीवर करावेत, गर्दीची आणि निवांत वेळेची अशा दोन खुणा अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर रंगाने कराव्यात आणि रॅकला कुलूप लावून किल्ली मालकाच्या हाती द्यावी.